ड्राइव्ह ट्रिप होतो तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमध्ये मोटर आणि ड्राइव्हची कामं करताना पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. एमसीबी केबल वाचवते, ड्राइव्ह नाही. आउटपुटला शॉर्ट झाला तर आतला आयजीबीटी जेमतेम १० मायक्रोसेकंद तग धरतो. एमसीबी कितीही चपळ असली तरी तिला काही मिलिसेकंद लागतातच. तोवर खेळ संपलेला असतो. आयजीबीटी वाचवायचं काम ड्राइव्हच्या आतल्या करंट सेन्सिंगचंच. सेमीकंडक्टर फ्यूज मात्र टाळू नका. तो असला की बिघाड तेवढ्यावरच थांबतो, पॅनेलला आग लागत नाही.

२. ओव्हरकरंट आला म्हटलं की माझा पहिला प्रश्न : कधी आला? स्टार्ट देताक्षणी आला तर केबल, वाइंडिंग किंवा आयजीबीटी यांपैकी काहीतरी गेलंय. स्पीड चढताना आला तर अॅक्सलरेशन टाइम कमी पडतोय, टॉर्क बूस्ट जास्त आहे किंवा लोड जाम आहे. चालता चालता आला तर आधी बेअरिंग आणि गिअरबॉक्स बघा. एका सँड मिक्सरचा ड्राइव्ह ऐन पावसाळ्यात सकाळीच ट्रिप व्हायचा, दुपारी बिनतक्रार चालायचा. नवा ड्राइव्ह मागवायची तयारी झाली होती. मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं, तर गॅस्केट कुजलेलं आणि पट्टीवर पाण्याचे थेंब. पट्टी पुसून वाळवली, गॅस्केट आणि ग्लँड बदलले, आणि ट्रिपिंग थांबलं.

३. मेगर मारण्याआधी मोटरच्या तिन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवा. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये शिरले तर धडधाकट ड्राइव्हही जातो. आणि सप्लाय बंद केल्यावर लगेच हात घालू नका. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर ५८० च्या पुढे व्होल्टेज असतं, ते उतरायला काही मिनिटं लागतात. मीटरने मोजा, मगच हात लावा.

४. नेमप्लेटवरचा करंट पॅरामीटरमध्ये भरा. ५ एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचा ड्राइव्ह जोडून सेटिंग तसंच सोडलं, तर ड्राइव्ह ठणठणीत राहतो आणि मोटर जळते. कमी स्पीडला हा धोका जास्त, कारण मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. स्पीड उतरला की हवाही कमी होते.

५. एका ड्राइव्हवर दोन मोटरी असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र ओव्हरलोड रिले हवा. ड्राइव्हला फक्त एकूण करंट कळतो.

६. ड्राइव्हच्या आउटपुटला कॅपॅसिटर लावू नका. कधीच.

ऑपरेटर मंडळींना एकच विनंती : रीसेट दाबण्याआधी डिस्प्लेवरचा कोड आणि त्या वेळचा करंट वहीत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा रीसेट मारून चालवलेला ड्राइव्ह आमच्याकडे येतो, तोवर बहुतेक वेळा त्याचं मॉड्यूल गेलेलं असतं.