शीतकपाटातील दूध : घ्यावयाची दक्षता

दूध जसे मनुष्यास पोषक, तसेच ते सूक्ष्म जंतूंसही पोषक असते. धार काढल्यावर दुधात जी ऊब असते, तीत काही जंतूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे दोन तासांत ६४ जंतू होतात. सायंकाळचे दूध सकाळपर्यंत तसेच राहिल्यास ते आंबते, तापविताच नासते व संकलन केंद्रावर नाकारले जाते. वैरण, पेंड व घरातील माणसांचे श्रम एका रात्रीत वाया जातात.

आता पुष्कळ खेड्यांतील घरांत शीतकपाट, म्हणजेच फ्रिज, आलेले आहे. परंतु त्यात ठेवलेले दूध आपोआप निर्दोष होते, ही समजूत चुकीची आहे. थंडीने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ केवळ मंदावते. काही जंतू तर थंडीतही हळूहळू वाढत राहतात. म्हणून दूध शीतकपाटात जाण्यापूर्वीच पुढील काळजी घ्यावी.

१. धार काढण्यापूर्वी हात व कास स्वच्छ धुऊन कोरडी करावी. सडातील पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात. चरवी व किटली घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात पालथी वाळवावी.

२. दूध गाळून लगेच थंड करावे. त्यासाठी भांडे गार पाण्याच्या घंगाळात ठेवावे, दूध स्वच्छ पळीने ढवळावे व पाणी एक-दोनदा बदलावे. ऊन दुधाचे मोठे भांडे एकदम शीतकपाटात ठेवल्यास त्याचा मध्यभाग फार वेळ उबदारच राहतो.

३. शीतकपाटातील उष्णतामान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. दूध दारातील कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडताच तेथे बाहेरची उष्ण हवा लागते. ते आतील बाजूस, झाकण लावून ठेवावे. उघड्या दुधास कांदालसणाचा वास चटकन लागतो.

४. थंड केलेल्या दुधात ताजे, ऊन दूध मिसळू नये.

५. वीज गेल्यास शीतकपाटाचे दार उघडू नये. बंद शीतकपाटात साधारण ४ तास थंडावा टिकतो.

६. घरी पिण्याचे दूध उकळूनच वापरावे. क्षय व सांसर्गिक गर्भपात या जनावरांच्या रोगांचे जंतू कच्च्या दुधातून माणसांत येऊ शकतात.

दूध टिकावे म्हणून त्यात खाण्याचा सोडा किंवा इतर औषधी द्रव्य घालणे ही भेसळ होय. ती कदापि करू नये.

ग्रामसेवकांनी गावात एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एकाच धारेचे दूध दोन स्वच्छ भांड्यांत घ्यावे. एक लगेच गार करून शीतकपाटात ठेवावे व दुसरे रात्रभर चुलीजवळ राहू द्यावे. सकाळी दोन्ही सर्वांसमक्ष तापवावीत. कोणते दूध टिकले, हे शेतकरी बंधुभगिनींना प्रत्यक्ष दिसेल व निराळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.