चार पोर्टचं कार्ड घेण्याआधी

सर्व्हरसाठी नेटवर्क कार्ड घ्यायला गेलात की दुकानदार चार पोर्टच्या कार्डाकडे बोट दाखवतो. एकाच सर्व्हरवर बरीच व्हर्च्युअल मशिनं चालवून ती थेट कार्डाला जोडायची असतील, तर नुसते पोर्ट मोजून भागत नाही. आतली चिप कोणती, ते आधी विचारा.

या थेट जोडणीला एसआर-आयओव्ही म्हणतात. तिच्यामुळे एका कार्डाची अनेक आभासी कार्डं होतात, ती म्हणजे व्हीएफ. इंटेलच्या एक्स710 मध्ये व्हीएफ 128, तेही सगळ्या पोर्टांत मिळून. दोन पोर्ट असतील तर प्रत्येकी 64, चार असतील तर 32. म्हणजे जास्तीच्या दोन पोर्टांचे पैसे मोजूनही व्हीएफ एकही वाढत नाही! जुन्या एक्स520 मध्ये दर पोर्टला स्वतंत्र 64 वाटे असतात. लिनक्सवर त्यातले 63 व्हीएफ म्हणून हाती लागतात, एक होस्टकडे राहतो. पण डेटाच्या रांगा, म्हणजे क्यू, पोर्टमागे 128च. 64 वाटे पाडले तर प्रत्येकाला 2 क्यू, 32 पाडले तर 4. डेटाबेसवर ताण असेल तर वाटे कमीच पाडा.

स्लॉटही तपासा. आठ लेनचा दिसणारा स्लॉट आतून कधी कधी चारच लेनचा असतो. पीसीआयई 3.0 च्या चार लेनमधून एका दिशेला जेमतेम 31 गिगाबिट जातात. दहा-दहा गिगाबिटचे चार पोर्ट एकदम भरून चालणार नाहीत.

आता पैसे. कार्ड 30,000 रुपयांचं धरलं तर 18 टक्के जीएसटीसह 35,400 होतात. ऑप्टिकल मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं, आणि एक्स520 चा ड्रायव्हर परकी मॉड्यूलं सहसा नाकारतो. कोटेशनमध्ये चालणारी मॉड्यूलं नावानिशी लिहून घ्या. वीज फार नाही: 10 वॉट वर्षभर म्हणजे 88 युनिटच्या आत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुना माल स्वस्तात मिळेल, पण इंटेलच्या नावाची बनावट कार्डं बाजारात फिरतात. बिल आणि बदलून देण्याची हमी नसेल तर नको.

टॅली आणि फाइल सर्व्हरसारखी पाच-सहा मशिनंच असतील तर माझ्या मते हा खर्चच करू नये. साधा व्हर्च्युअल स्विच पुरतो. शिवाय व्हीएमवेअरवर एसआर-आयओव्ही लावलेलं मशीन चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर मदरबोर्डच्या बायोसमध्ये एसआर-आयओव्ही आणि व्हीटी-डी हे दोन्ही पर्याय आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या.