माठ आणि तलाव

मुलांनो, मार्च उजाडला की जालन्यात ऊन तापू लागते. कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. पण अम्मीचे लक्ष असते नळाकडे. आपण घरी ज्याला मटका म्हणतो, तो मराठीतला माठ. आधी तो भरायचा, मगच धाकट्यांची आंघोळ!

निजामाच्या काळात घाणेवाडीला कुंडलिका नदीवर तलाव बांधला गेला. जालन्याच्या नळांना त्याचे पाणी मिळते. वर्षानुवर्षे तळाशी गाळ साचला. तेवढी पाण्याची जागा कमी झाली. २०१२-१३च्या दुष्काळात टँकर गल्लोगल्ली फिरले. त्या सुमारास जालनेकरांनी वर्गणी काढून गाळ उपसला. काळाभोर, कसदार गाळ! शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन पसरला.

तुमच्या गल्लीत पूर्वी आड होता का? दादीजानना विचारा आणि चार वाक्ये मराठीत लिहून आणा.