पोटातल्या बाळाचा मेंदू कसा घडतो?

बीम भरताना धागा चुकला, तर ती चूक सगळ्या कापडात दिसते. हे भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूचेही असेच असते. सुरुवातीला राहिलेली उणीव पुढे भरून काढणे फार कठीण.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये उंदराच्या संपूर्ण मेंदूचा पेशीनिहाय नकाशा प्रसिद्ध केला. एवढ्याशा मेंदूत त्यांना पेशींचे ५,००० हून अधिक प्रकार सापडले. उंदीर आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, म्हणून त्यावरून आपल्याबद्दलही बरेच कळते.

माणसाच्या गर्भावर असे मोठे काम आपल्या देशातच झाले. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा नकाशा जगासाठी मोफत खुला केला. १४ ते २४ आठवड्यांच्या पाच गर्भांच्या मेंदूंचे अतिशय पातळ असे ५,१३२ काप त्यात आहेत. मोठे करून पाहिले की एकेक पेशी दिसते. या महिन्यांत मेंदूच्या आतल्या भागात पेशी जन्मतात आणि सरकत सरकत आपापल्या जागी जाऊन बसतात.

पण पाया त्याहून आधीच पडतो. मेंदू आणि मणक्यातील मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. फॉलिक अ‍ॅसिड कमी पडले, तर ही नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो.

म्हणून आपण घरात एवढे पाळू या:

• मूल हवे असेल, तर दिवस जाण्याआधीपासूनच डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे.

• पाळी चुकताच आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे.

• चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, किमान १८० दिवस घ्यावी. ती चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे झाले तर घाबरू नये.

• मिश्री, तंबाखू, दारू पूर्ण बंद. घरातल्या पुरुषांनीही तिच्याजवळ विडी ओढू नये.

या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या डब्यात पडून राहू नयेत, हे सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही पाहावे.