जावयाची सवारी आणि उसाच्या मशाली

आपल्या बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचे एक गाव आहे. होळीचा दुसरा दिवस, म्हणजे धुलिवंदन, जवळ आले की या गावात वेगळीच धावपळ सुरू होते. गावकरी एका माणसाच्या मागावर असतात. तो चोर नसतो, दरोडेखोर नसतो. तो गावाचा जावई असतो!

तुमच्या घरी दामाद आले की काय होते, ते आठवा. त्यांना चांगल्या जागी बसवतात. ताटात चांगलेचुंगले वाढतात. मराठीत तर जावयाला 'दहावा ग्रह' म्हणतात. नऊ ग्रहांची शांती करता येते, याची नाही! असा हा मानाचा पाहुणा विड्यात मात्र गाढवावर बसतो. गळ्यात चपलांचा हार, अंगभर रंग आणि मागे हसणारे सारे गाव. जावयांना हे ठाऊक असते, म्हणून ते लपतात. गावकरी त्यांना शोधून आणतात आणि पळून जाऊ नयेत म्हणून पाळतही ठेवतात. मिरवणूक हनुमानाच्या मंदिराजवळ संपते. तेथे जावयाला नवे कपडे व सोन्याची अंगठी मिळते. हार उतरला की मान परत!

गावात असे सांगतात, की ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी आनंदराव देशमुख यांच्या जावयाने रंग लावून घेण्यास नकार दिला. सासऱ्यांनी त्यांची समजूत घातली, सजवलेल्या गाढवावर बसवून त्यांना मिरवले आणि मग कपडे व अंगठी दिली. तेव्हापासून ही प्रथा पडली. गाढवाला मात्र कोणी विचारले नाही.

वर्षभर ज्याच्यापुढे मान लववायची, त्यालाच एक दिवस हसायचे, असे सण जगात इतरत्रही आहेत. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधी 'कार्निव्हल' येतो. आपल्या शेजारच्या गोव्यात तेव्हा चार दिवस मोमो नावाच्या गमतीच्या राजाचे राज्य असते. पण कार्निव्हलसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या देशांपैकी एक आहे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद. क्रिकेटपटू ब्रायन लारा याच बेटाचा.

त्रिनिदादच्या कार्निव्हलची गोष्ट उसाच्या फडात सुरू होते. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तुमच्यापैकी काहींचे आईवडीलही जात असतील. म्हणून ही गोष्ट तुम्हांला लवकर समजेल. त्रिनिदादमध्ये ऊस लावणारे मळेवाले गोरे होते आणि राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. उसाला आग लागली की रात्री-अपरात्री चाबूक मारून गुलामांना फडाकडे पिटाळत. मळेवाले कार्निव्हलमध्ये मुखवटे घालून नाचत, गंमत म्हणून गुलामांचे सोंगही घेत. गुलामांना त्या मेजवानीत जागा नव्हती.

1838 मध्ये गुलाम पूर्णपणे मुक्त झाले आणि कार्निव्हल रस्त्यावर आला. आता तेच लोक मशाली पेटवून, ढोल वाजवून त्या जळत्या उसाची आठवण जागवू लागले. या मिरवणुकीला 'कॅम्बुले', म्हणजे जळलेला ऊस, असे नाव पडले. काल ज्यांना चाबूक बसत होता, ते आज मालकांची नक्कल करून हसत होते. इंग्रज सरकारला हे कसे रुचणार? 1881 मध्ये पोलिसांनी मिरवणूक अडवली. लोक हटले नाहीत. मोठी मारामारी झाली. पुढे मशाली आणि ढोल यांवर बंदी आली.

गुलाम मुक्त झाल्यावर मळ्यांसाठी मजूर हवे होते. ते भारतातून नेले. 30 मे 1845 रोजी त्यांचे पहिले जहाज तेथे पोहोचले. त्याचे नाव 'फतेल रज्जाक'. अर्थ तुम्हांला सांगायला नको. या मजुरांनी मोहरमही तेथे नेला. 'या हुसैन' या हाकेवरून त्याला 'होसे' म्हणू लागले. मोहरम हा काही कार्निव्हल नव्हे, तो शोकाचा प्रसंग. पण ताजियामागे हिंदू आणि आफ्रिकी मजूरही चालत, आणि एवढे मजूर एकत्र आलेले सरकारला नको होते. 30 ऑक्टोबर 1884 रोजी पोलिसांनी ताजियांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. अनेक मजूर ठार झाले. तरीही ताजिये आजही निघतात, आणि पुढे जे वाद्य वाजते, त्याला तेथे अजूनही 'ताशा'च म्हणतात.

ढोल गेल्यावर आफ्रिकी लोकांनी काय केले? त्यांनी बांबू तोडले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. 1930 नंतर पत्र्याचे डबे आले, मग तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा, त्यावर निरनिराळे सूर बसवायचे, आणि टोकाला रबर लावलेल्या काठीने वाजवायचे. या वाद्याला 'स्टीलपॅन' म्हणतात. आता कार्निव्हलच्या सोमवारी, उजाडण्यापूर्वीच, लोक अंगाला चिखल आणि रंग फासून याच पिंपांच्या तालावर रस्त्यावर उतरतात.