मीना आणि तिचा पोपट

टेलिव्हिजनवर चित्रे चालतात, बोलतात. ती कोण चालवतो? माणसाचा हातच. एका सेकंदाला पडद्यावरून २४ चित्रे सरकतात. प्रत्येकात थोडा थोडा फरक. डोळा फसतो अन् चित्र चालू लागते. मग दहा मिनिटांना किती? १४,४००! हिशेब करून पाहा.

हे काम राम मोहन यांनी जन्मभर केले. १९५६ साली ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. अमेरिकेतल्या डिस्ने स्टुडिओचे क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली.

मुलींनी शिकावे म्हणून युनिसेफने त्यांच्याकडून ‘मीना’ घडवून घेतली. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान या चारही देशांत ती आपल्याच गावची पोर वाटायला हवी होती. म्हणून आधी चित्रे लोकांना दाखवली, त्यांचे मत घेतले.

मीनाचा भाऊ राजू शाळेत जाई. मीना घरकाम करी. तिने युक्ती केली. आपला पोपट मिठू याला शाळेत धाडले. तो धडा ऐकून येई, तिला सांगे. मीना अंक शिकली. एक दिवस कोंबड्या मोजल्या, तर एक कमी! चोर सापडला. मग घरच्यांना शिक्षणाची किंमत कळली.

राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते वारले.

सांगा पाहू :
१. कोंबडी कमी आहे हे मीनाला कसे कळले?
२. तुमच्या घरी कोणाचे शिकायचे राहिले आहे?