मेन बंद, तरी पंखा चालू

मेन स्विच खाली केला की घरातली वीज गेली, असं आपण वर्षानुवर्षं धरून चालतो. इन्व्हर्टर बसवला की ही समजूत खोटी ठरते. वीज महावितरणकडून गेली की आपण मेन बंद केला, हे इन्व्हर्टरला कळत नाही. क्षणात तो बॅटरीवर जातो आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक पॉइंटवर पुन्हा 230 व्होल्ट उभे राहतात. पंखा उतरवायला कुणी स्टुलावर चढतं, तेव्हा सावधगिरी म्हणून मेन बंद करणं हेच इन्व्हर्टर सुरू व्हायला निमित्त होतं. बॅकअपच्या वायरिंगमधल्या चुकांचं मूळ मला इथेच दिसतं. इन्व्हर्टर किंवा जनरेटर म्हणजे फ्रिज-मिक्सरसारखं आणखी एक उपकरण, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो विजेचा दुसरा उगम असतो, आणि उगम दोन झाले की वायरिंगचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दुकानात किंवा मांडवात छोटा जनरेटर आणला की दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून ती थेट सॉकेटमध्ये खुपसली जाते. मेन चालू राहिला तर जनरेटरची वीज सर्व्हिस वायरने उलटी बाहेर पडते. डीपीवरचा जो ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे 433 करतो, तोच उलट्या दिशेने हजारो व्होल्ट चढवू शकतो. यावर उत्तर ठरलेलं असतं: एवढासा जनरेटर सगळ्या गल्लीचा भार पेलणार नाही, लगेच बंद पडेल. पण डीपीवरचा फ्यूज उडालेला असेल किंवा खांबावरची वायर तुटलेली असेल, तर सगळ्या गल्लीचा भार त्याच्यावर येईलच असं नाही, आणि लाइनमन नेमका त्याच तुकड्यावर काम करत असतो. त्याने लाइन अर्थ करूनच हात लावावा, हे खरं. पण ते त्याचं संरक्षण आहे, आपल्याला मिळालेली सूट नव्हे. ‘मी आठवणीने मेन बंद करतो’ हेही पुरेसं नाही. अंधारात, घाईत माणूस विसरतो. चेंजओव्हर स्विच विसरत नाही, कारण एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागू नये अशीच त्याची रचना असते. सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा घ्यावा, म्हणजे न्यूट्रलही बदलते.

न्यूट्रलकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढतात, न्यूट्रल मात्र जवळची सापडेल ती घेतात. गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी एवढंच पाहतो की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला की नाही. घरगुती जोडणीत तफावतीची मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. फेज आरसीसीबीच्या आधीची आणि न्यूट्रल नंतरची, असा घोळ झाला की कुठेही गळती नसताना तो उडतो. मग ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून तो डायरेक्ट केला जातो, आणि सोयीसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरपायी घराचा पहारेकरी जातो. खरा उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल स्वतंत्र ओढणं आणि त्या सर्किटला स्वतःचा आरसीसीबी देणं. त्याचं टेस्ट बटण फक्त यंत्रणा हलते का ते सांगतं. अर्थिंग शाबूत आहे का, हे सांगत नाही. म्हणून बॅटरीवर चालू असतानाची तपासणी मीटर लावून वेगळी करून घ्यावी.

‘इन्व्हर्टरच्या आत रिले असतोच की’, हा शेवटचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. तो रिले इन्व्हर्टरच्या आतल्या दोन वाटा सांभाळतो. एखाद्या स्विचबोर्डात इन्व्हर्टरची फेज आणि मेनची फेज कुणी एकत्र पिळली, तर त्याला ते अडवता येत नाही. वीज परतली की इन्व्हर्टर जळू शकतो, आणि वीज गेलेली असताना त्याची वीज मेनवर चढते. नियमांची वाण नाही: भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आहे, वायरिंगसाठी आयएस 732 आहे, अर्थिंगसाठी आयएस 3043 आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम 2023 मध्ये नव्याने आले आहेत. पण इन्व्हर्टर दुकानदाराच्या पोऱ्याकडून अर्ध्या तासात बसवून घेतला, तर यातलं काहीच घरापर्यंत पोचत नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि कोणते पॉइंट इन्व्हर्टरवर आहेत, ते त्याच्याकडून लिहून घ्या. ‘या घरात वीज दोन ठिकाणांहून येते’ अशी पट्टी मेन बोर्डावर चिकटवा. आणि कुठेही हात घालण्याआधी मेन बंद करा, इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करा, मग टेस्टर लावा. तोही आधी चालू सॉकेटवर तपासून घेतलेला.